वाचकांचे प्रश्न : मिशनची कोनशिला, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची पाटी

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या चर्चच्या कोनशिलेवर ‘अमेरिकन मिशन’ असे कोरलेले आहे, फाटकावरच्या पाटीवर मात्र ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ असे आहे. हा बदल कसा झाला? आणि मेथॉडिस्ट चर्च वेगळे का?
– एक वाचक, अहमदनगर जिल्हा

उत्तर : कोनशिला बसली तेव्हापासून पाटी लागेपर्यंत दोन एकीकरणे झाली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ साली अहमदनगरला आले. ते काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे स्थानिक मंडळीचा कारभार मंडळीनेच पाहावा असे मानणारे. १९२४ साली काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन (निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभेकडे कारभार देणाऱ्या) मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाली.

याहून व्यापक ऐक्याची बोलणी लखनौला १९२९ मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले : अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचे), युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. मधली एक्केचाळीस वर्षे वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण वाद मूलभूत होते. अँग्लिकन आईबाप तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती प्रवेशविधी, करून घेत. डहाणूकडचे ब्रेदरेन मात्र कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच, तोही पाण्यात बुडवून, बाप्तिस्मा देत. नव्या चर्चच्या संविधानाने दोन्ही पद्धती मान्य केल्या, कोणालाही आपली श्रद्धा मोडायला लावली नाही, आणि माझ्या मते या ऐक्याचे खरे मोठेपण इथेच आहे. दुसरा पेच दीक्षेचा, म्हणजे पाळकाला धर्मसेवेचा अधिकार देण्याच्या विधीचा, होता. बिशपने हात ठेवल्याशिवाय पाळकाची दीक्षा पूर्ण होत नाही, असे अँग्लिकन मानत, तर इतरांना आपली आधीची दीक्षा अपुरी ठरणे मान्य नव्हते. म्हणून नागपूरच्या विधीत सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी प्रार्थनापूर्वक एकमेकांवर हात ठेवले. दक्षिणेत १९४७ साली ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ झाले, तेव्हा असा विधी केलेला नव्हता.

आपण म्हणता ते मेथॉडिस्ट चर्च अमेरिकन परंपरेचे. बोलण्यांत ते बरीच वर्षे सहभागी होते, पण १९७० मध्ये, अगदी शेवटच्या टप्प्यावर, त्याने माघार घेतली. १९८१ पासून ते ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वतंत्रपणे चालते. सीमेपलीकडे मात्र उलटे घडले : नागपूरच्या आधी चारच आठवडे, १ नोव्हेंबर १९७० रोजी, ‘चर्च ऑफ पाकिस्तान’ स्थापन झाले आणि तिथले मेथॉडिस्ट त्यात सामील झाले.