१.८ लिटर टर्बो गाडीचं इंजिन २.० लिटर करावं की टर्बोच मोठा लावावा?

रोज बेळगावात आणि अधूनमधून चोर्ला घाटानं गोवा, एवढाच वापर असेल तर २.० करा. मोठा टर्बो घाटात उशिरा जागा होतो, म्हणजे कमी आरपीएमला जोर देत नाही. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.८ आणि २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच, ८२.५ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, सुमारे ८४ऐवजी ९२.८ मिमी. म्हणून बोअर न वाढवता क्रँक, रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे), पिस्टन बदलायचे. रॉड फोर्ज्डच (ठोकून घडवलेले) घ्या, कमी आरपीएमला जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दिला की मूळचे वाकतात. रिंग गॅप, म्हणजे पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, ०.४५ मिमीच्या आसपास (पिस्टनसोबतचा कागद बघा). कमी ठेवलात तर तापल्यावर टोकं भिडून पिस्टनची कड तुटते. होनिंग (सिलिंडर आतून घासून नीट करणं) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून घ्या, पण त्या वेळी टॉर्क प्लेट (हेड बसवल्यासारखा ताण देणारी जाड प्लेट) लावतात का ते आधी विचारा. आणि हो, सीसी बदलण्याआधी आरटीओची परवानगी.