हात सावकाश असलेला फिटर

“मॅडम, पहिल्या नोकरीनंच पोरगं बिघडवलं माझं,” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वडिलांनी बसता बसताच सांगून टाकलं. मुलगा तेवीस वर्षांचा, आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड केलेला, हल्ली भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे सगळे म्हणतात काम झकास, पण हात सावकाश. दोनदा नोकरी जाता जाता राहिली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांना बाहेर बसवलं. “पहिल्या ठिकाणी काय करायचास?”

“सहा महिने नुसती कानस घासली.”

मग तो खुलला. पत्रा कापायची-वाकवायची साधनं, म्हणजे प्रेस टूल, बनवणारी छोटी टूलरूम, तिथले म्हातारे फिटर, सगळे त्यांना मामा म्हणत. मामा कानशीला आधी खडू चोळायला लावत, म्हणजे दातांत कीस अडकत नाही आणि जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, ओरखडे उठत नाहीत. घासून झालं की जॉबला काटकोन तपासायचा गुण्या लावून ट्यूबलाइटसमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत बाकावर. सांगता सांगता त्याचा हात वर गेला, एक डोळा मिटला. हातात काहीच नव्हतं, तरी तो उजेड शोधत होता.

“आणि चुकलं तर?”

“बोलायचे नाहीत काही. जॉब उचलून भंगारच्या डब्यात टाकायचे. तो आवाज...”

इथे मला गाठ सापडली. मामांनी त्याला नजर दिली, ती जन्मभर पुरेल. पण सोबत डबाही दिला. ती टूलरूम सोडून दीड वर्ष झालं, तरी हा प्रत्येक जॉब चार-चारदा मोजतो, तो डबा वाजू नये म्हणून. (मी हसत नाही त्याला. माझी पहिली नोकरी हेल्पलाइनवर होती. घरचा फोन वाजला तरी मी आजही धावत सुटते.)

“भरभर कर” असं सांगून काही होत नसतं. मी त्याला ड्रॉइंग समजावून सांगायला लावलं. १ मिमी पत्रा कापणाऱ्या पंच-डायमध्ये, म्हणजे वरचा ठोसा आणि खालचा साचा यांच्यात, एका बाजूला साधारण ०.०५ मिमी फट. तिथे कितीही मोजा, कमीच. “आणि कव्हरच्या बोल्टची भोकं?”

“तिथे अर्धा मिमी इकडेतिकडे चालतं.”

“तिथे किती वेळा मोजतोस?”

तो ओशाळला. “तितकीच.”

ठरलं असं : सकाळी ड्रॉइंगवर पेन्सिलने खुणा करायच्या, कुठलं माप दोनदा घ्यायचं, कुठलं एकदाच. एकदा मोजून जॉब पुढे दिल्यावर मनात काय आलं ते मोबाइलमध्ये टिपायचं. पहिल्या आठवड्यात नोंद होती ‘डबा वाजला’. चौथ्या आठवड्यात ‘जेवायला गेलो’.

पोराला सुरुवातीला नुसतं घासायला लावतात, ही तक्रार मी बऱ्याच आईवडिलांकडून ऐकते. घासू दे. फक्त त्याला विचारा, तुझं घासलेलं कुणी नीट बघतं का, आणि परत देताना का ते सांगतं का? सहा महिन्यांत दोन्ही नसेल, तर मात्र दुसरं ठिकाण बघा.

दोन महिन्यांनी तो एकटाच आला. शॉपमध्ये नवा हेल्पर लागलाय, त्याचा पहिलाच जॉब तिरका आला.

“मग?”

“डब्यात नाही टाकला, मॅडम. पोराला ट्यूबलाइटखाली घेऊन गेलो.”