नाट्यप्रश्न : पाठांतराची धास्ती

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील पंधराएक सभासदांना मराठी रंगभूमी दिनी, ५ नोव्हेंबरला, एकांकिका करायची आहे. वये ६५ ते ८०. पाठांतराची धास्ती सर्वांनाच आहे. एका काकूंना विस्मरण सुरू झाले असून त्यांना घ्यावे की नाही, यावर दोन मते आहेत. या खटाटोपाचा प्रकृतीला खरोखर उपयोग होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ झाले, तिथल्या मंडळींनी नाटकाला बिचकावे याचे नवल वाटले! उपयोगाविषयी सांगायचे, तर अमेरिकेतील हेल्गा आणि टोनी नॉइस या दांपत्याने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० ते ८६ वयाच्या व्यक्तींना महिनाभर अभिनय शिकवला, तेव्हा काहीच न शिकलेल्या गटापेक्षा त्यांची स्मरणशक्ती आणि मनःस्वास्थ्य अधिक सुधारलेले आढळले. विस्मरणाचा आजार यामुळे बरा होतो, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

पाठांतराची अडचण बहुतेक वेळा शिकण्याच्या पद्धतीत असते. शाळेतल्या कवितेसारखी वाक्ये घोकली, की एक शब्द निसटताच पुढचे सगळे ओघळते. म्हणून नट आधी हे वाक्य आपण कोणाला आणि कशासाठी म्हणतो आहोत, हे शोधतो. ‘चहा निवतोय’ हे साधे वाक्य घ्या. निघालेल्या मुलाला आणखी पाच मिनिटे थांबवण्यासाठी आई ते म्हणते, आणि नकोशा पाहुण्याने कप रिकामा करून उठावे म्हणूनही तेच म्हणता येते. दोन्ही हेतूंनी ते मोठ्याने म्हणून पाहा. नजर आणि हातसुद्धा बदलतात, आणि हेतू पक्का झाला की शब्द पुष्कळदा आपोआप येतात. पहिले दोन-तीन आठवडे संहिता हातात ठेवून, मोठ्या टायपात छापून, नुसते वाचनच करा. प्रयोगही अभिवाचनाचाच ठरला, तरी त्यात कमीपणा मानू नये.

काकूंना अवश्य घ्या. त्यांना लांब संवाद न देता दृश्यात सतत कोणाच्या तरी सोबत असणारी, हाताला काम असलेली भूमिका द्या (भाजी निवडणारी शेजारीण चालेल), आणि त्या भलतेच बोलल्या तर सहकलाकाराने चूक न दाखवता तेच बोलणे पुढे न्यावे, असे तालमीतच ठरवून ठेवा. मुलाने टाकलेल्या आईबापांचीच एकांकिका निवडण्याचा मोह मात्र आवरा. सत्तरीच्या गृहस्थांना कॉलेजकुमार होऊ द्या, तालमीला गर्दी वाढेल.

तालीम सकाळी, तासाभराची असावी. प्रवेश बदलताना पूर्ण अंधार करू नका: उतारवयात डोळे अंधाराला हळू सरावतात, त्यामुळे विंगेत मंद दिवा ठेवा आणि वायरी वाटेतून काढून घ्या.