लिनक्स राउटरवर प्रत्येक आयपीला ठरावीक बँडविड्थ कशी वाटून द्यावी?

आपण विचारले आहे की जाळ्यातील कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले की इतरांचे कॉल तुटतात, तेव्हा एचटीबीमध्ये (लिनक्समधील वेग वाटून देणाऱ्या यंत्रणेत) प्रत्येक आयपीसाठी, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या पत्त्यासाठी, स्वतंत्र क्लास (वेगाचा कप्पा) करून त्याला रेट (हमीचा वेग) आणि सील (कमाल वेग) किती द्यावेत. आकड्यांकडे मी येईन, परंतु आधी हे सांगणे भाग आहे की आपल्या तक्रारीचे मूळ वाटणीत नसून रांगेत आहे. हेच म्हणणे एका कार्यालयात मी पुन्हा पुन्हा मांडले आणि ते तितक्याच वेळा उडवून लावण्यात आले, त्यामुळे आपला प्रश्न वाचून गप्प राहवले नाही.

त्या कार्यालयातील राउटर माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या ताब्यात होता. लाइनचा जाहीर वेग त्यांनी यंत्रांच्या संख्येने भागला होता, आलेला भागाकार प्रत्येक क्लासला रेट म्हणून दिला होता आणि सील म्हणून संपूर्ण लाइन मोकळी ठेवली होती. स्क्रिप्ट अतिशय निगुतीने लिहिलेली होती, हे मान्य केलेच पाहिजे, आणि म्हणूनच तिच्यात बदल सुचवणे त्यांना अपमानासारखे वाटत असे. तरीही बॅकअप सुरू झाला की सर्वांचे कॉल अडखळत. कॉलच्या अहवालात काही पॅकेटे हरवलेली दिसली, त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की राउटरची रांग अपुरी पडते, आणि इंटरफेसची टीएक्सक्यूलेन, म्हणजे रांगेत मावणाऱ्या पॅकेटांची मर्यादा, 1000 वरून कितीतरी वर नेऊन ठेवली. कॉल होते तसेच राहिले.

मी दोन खिडक्या शेजारी उघडल्या. एकीत पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवले, दुसरीत टीसी या वाहतूक-नियंत्रणाच्या आज्ञेतून दिसणारी क्लासांची आकडेवारी. लाइन निवांत असताना 20 मिलिसेकंदांत येणारे उत्तर बॅकअप सुरू होताच चढत चढत सेकंदाच्या पुढे गेले, आणि त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत एकूण एक क्लासचा बॅकलॉग (रांगेत थांबलेला माल) शून्य होता. याचा अर्थ एकच निघतो. मूळ क्लासचा (बाकी सर्व क्लास ज्याखाली येतात त्याचा) दर लाइनच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा अधिक होता, त्यामुळे आमच्या राउटरमध्ये रांग लागतच नव्हती. ती पुढे मोडेममध्ये लागत होती, आणि मोडेमला आमचे क्लास, प्राधान्यक्रम वा फिल्टर यांपैकी काहीही ठाऊक नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो सारा प्रकार होता.

मग मी मूळ क्लासचा दर मोजून काढलेल्या अपलोडच्या जरा खाली आणला आणि प्रत्येक क्लासखाली एफक्यू-कोडेल (प्रवाह वेगळे ठेवून रांग आखूड राखणारी पद्धत) जोडले. हे जोडणे आवश्यक असते, कारण एचटीबीच्या क्लासखाली आपण स्वतः काही ठेवले नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) तेथे साधी पीफिफो रांग (आधी आलेले आधी जाते अशी) ठेवतो आणि तिची मर्यादा टीएक्सक्यूलेनवरून घेतो. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जमध्ये) डीफॉल्ट क्यूडिस्क (रांग हाताळण्याची पद्धत) म्हणून एफक्यू-कोडेल लिहिलेले असले तरी या क्लासांना ते लागू होत नाही, ही बाब भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. 1500 बाइटांची 1000 पॅकेटे म्हणजे 1.2 कोटी बिट होतात. 10 मेगाबिटच्या अपलोडवर तेवढी रांग रिकामी व्हायला 1.2 सेकंद लागतात, आणि 2 मेगाबिटच्या क्लासमध्ये 6 सेकंद. तेव्हा दर आयपीमागे छोटा क्लास करून त्याखाली लांब रांग ठेवणे हा कॉल बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

बदलानंतर बॅकअप चालू असतानाही पिंग जवळजवळ जागचे हलले नाही. परंतु सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते दोन गोष्टींवर: ड्रॉपचा, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेटांचा, आकडा शून्यावरून वाढू लागला होता, आणि वेगचाचणीत काही टक्के वेग कमी दिसत होता. ‘पैसे पूर्ण वेगाचे भरतो आणि वर पॅकेटे टाकून देतो,’ असे म्हणून त्यांनी जुनी स्क्रिप्ट परत चढवली. पुढे मोठी लाइन घेतली गेली, तक्रारी काही काळ थंडावल्या, आणि ते श्रेय अर्थातच लाइनला मिळाले.

त्या वादाचे उत्तर तेव्हाही उपलब्ध होते. टीसीपीला (फाइली वगैरे पोहोचवणाऱ्या इंटरनेटच्या नियमावलीला) वेग कमी करण्याचा इशारा मुख्यतः पॅकेट हरवण्यातूनच मिळतो; रांग अतिलांब ठेवली की इशारा उशिरा पोहोचतो आणि तोवर पाठवणारा ओतत राहतो. जिम गेटिस यांनी 2010-11 च्या सुमारास या दोषाकडे जगाचे लक्ष वेधले आणि ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी कोडेल मांडले. ते रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते: 100 मिलिसेकंदांच्या अवधीत हा विलंब सतत 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला तर ते पॅकेटे टाकू लागते. त्यामुळे शेपिंग केलेल्या (वेगाला मुद्दाम मर्यादा घातलेल्या) राउटरवर ड्रॉपचा आकडा शून्य असावा हा आग्रह मला आजही अडाणीपणाचा वाटतो.

आपल्याला माझा स्पष्ट सल्ला असा की आयपीनिहाय क्लासांचा नाद सोडून केक, म्हणजे शेपिंग आणि समान वाटणी एकत्र करणारे क्यूडिस्क, वापरावे. ते 2018 च्या 4.19 कर्नलपासून मूळ कर्नलमध्येच आहे. बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर केक लावून बँडविड्थ मोजलेल्या अपलोडच्या 90 ते 95 टक्के लिहावी, सोबत ‘नॅट’ आणि ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ द्यावे. येणारी वाहतूक आयएफबीवर (त्यासाठीच्या आभासी इंटरफेसवर) वळवून तेथे दुसरे केक 85 ते 90 टक्क्यांवर ठेवावे, सोबत ‘नॅट’, ‘ड्युअल-डीएसटीहोस्ट’ आणि ‘इन्ग्रेस’ द्यावे. ‘नॅट’ विसरल्यास केकला सर्व यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्याची दिसतात आणि यंत्रनिहाय समानता निघून जाते. मोकळी लाइन ज्याला हवी त्याला मिळते, गर्दी झाली की मागणी असणाऱ्यांत सारखी वाटली जाते. आपल्याला भागाकार करून जे साधायचे होते ते हेच.

क्लास करणे भागच असेल, उदाहरणार्थ निरनिराळ्या ग्राहकांना निरनिराळा वेग विकलेला असेल, तर सर्व रेटांची बेरीज मूळ क्लासच्या रेटपेक्षा कमी किंवा त्याइतकीच ठेवावी, कारण एचटीबी ती तपासत नाही. डीफॉल्ट क्लास अवश्य द्यावा. तो नसेल तर कोणत्याही फिल्टरमध्ये न बसलेली वाहतूक शेपिंगविना निघून जाते. एककाकडेही लक्ष असू द्यावे: टीसीमध्ये ‘एमबिट’ म्हणजे मेगाबिट आणि ‘एमबीपीएस’ म्हणजे मेगाबाइट प्रतिसेकंद, म्हणजे आठपट फरक. सीबीक्यू (एचटीबीसारखीच जुनी यंत्रणा) वापरणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट उतरवून घेऊ नयेत; ते क्यूडिस्क 2023 मध्ये 6.3 कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

काही मर्यादा सांगायच्या राहिल्या. शेपिंग प्रोसेसरवर होते, त्यामुळे स्वस्त राउटर काही शे मेगाबिटांवरच दमू शकतो, आणि फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटे आखूड वाटेने पुढे पाठवण्याची सोय) चालू ठेवले तर पॅकेटे शेपरला वळसा घालून जाऊ शकतात. कॉल केवळ वायफायवरच तुटत असतील तर दोष कदाचित तेथील हवेत आहे, आणि लाइनवरच्या केकने तो जाणार नाही. मोबाइल डेटासारख्या लाइनचा वेग सतत बदलत असल्याने तेथे एकच ठाम आकडा कधी कमी तर कधी जास्त ठरतो. त्यासाठी विलंब मोजत राहून केकचा दर वरखाली करणारी केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सवर चालवता येते.