रीआता, प्रिय आणि फिनलंडचा शुक्रवार

प्रश्न असा आलाय की फिनिशमधे फ्लर्ट करण्याला 'फ्लिर्टाइल्ला' म्हणतात, तर तो शब्द कुठून आला. इंग्रजीतून, अजून कुठून! शेवटचं 'आइल्ला' तेवढं त्यांचं, म्हणजे रमतगमत, अधूनमधून करत राहणं. आणि फ्लर्ट हा फ्रेंच फुलावरच्या शब्दावरून आला, ती गोष्ट कृपया परत नको. फ्लर्ट म्हणजे आधी झटका देणं, टिचकीने उडवणं, प्रेमाचे चाळे हा अर्थ 18व्या शतकातला, आणि फ्रेंचांनी आपला 'फ्लर्ते' उलट इंग्रजांकडून उचललाय. फूल दिसलं की लोकांना लगेच व्युत्पत्ती सापडते.

विचारायचंच होतं तर 'रीआता' विचारायचं ना! पोरीच्या मागे लागणं, तिच्या घरी चकरा मारणं म्हणजे रीआता, हा जुना, गावाकडचा शब्द. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनकडे होता, तिथून आला, स्वीडिश 'फ्रीआ'वरून. जुन्या फिनिशला सुरुवातीचं जोडाक्षर झेपायचं नाही म्हणून ग्लासचा 'लासी' झाला, स्ट्रांडचा (किनारा) 'रांता' आणि फ्रीआचा रीआता. स्वीडिशमधे फ्रीआ म्हणजे रीतसर मागणी घालणं, पण फिनिशमधे त्याला 'कोसिआ' आधीच होता, मग रीआताच्या वाट्याला लग्नाआधीच्या भानगडी आल्या.

कोशवाले बहुतेक 'स्वीडिशवरून' एवढं लिहून हात झटकतात, आणि गंमत तर पुढेच आहे. फ्रीआ हा स्वीडिशमधे जुन्या उत्तर जर्मनीतल्या बोलीतून आला, आणि त्याचं मूळ तेच जे आपल्या 'प्रिय'चं. आपल्याकडे प तिथे जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश वगैरे) फ, पितृ-फादर, पाद-फूट, तसंच हे. इंग्रजी फ्रेंडसुद्धा त्यातलाच, मुळात 'प्रेम करणारा', त्यामुळे 'आम्ही फक्त फ्रेंड्स आहोत' हे वाक्य व्युत्पत्तीच्या दृष्टीने पार ढिसाळ आहे. आता लगेच 'बघा, फिनिश संस्कृतातून निघाली' असं फॉरवर्ड करू नका, फिनिश आपल्या कुळातलीच नाही, ती एस्टोनियनची बहीण, आणि प्रिय नि फ्रीआ हे चुलत भाऊ आहेत, बापलेक नव्हेत.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द 'पेर्यान्ताइ', म्हणजे शुक्रवार. तोही जुन्या स्वीडिशमधून आलेला, फ्रिग या जुन्या जर्मानिक देवीचा वार, आणि फ्रिग म्हणजे अक्षरशः 'प्रिया'. फिनिशकडे तेव्हा फ नव्हता म्हणून त्यांनी प बसवला, म्हणजे प चा फ झाला होता तो निव्वळ योगायोगाने परत प होऊन बसला!