निवांत बेटावर गेलो आणि भांडूनच आलो

"लाखो रुपये घालून बोरा बोराला गेलो आणि आठ रात्रींत पाचदा भांडलो. घरीसुद्धा एवढं होत नाही. आमचं काही बिनसलंय का?" पुण्यातल्या एका नोकरदार जोडप्याचा हा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). महागड्या सहलीहून परतलेली जोडपी तो बरेचदा विचारतात.

अशा वेळी स्वभावाकडे वळण्याआधी सहलीचं वेळापत्रक मागावं. पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशिया या बेटसमूहात यांचं होतं ताहिती बेटावरच्या पपीते शहरात एक रात्र, मग मोरेआ बेटावर दोन, हुआहिने बेटावर दोन, बोरा बोरात तीन. ताहितीचं घड्याळ आपल्या साडेपंधरा तास मागे. तिथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवसाची पहाट, साडेतीन. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकतं. म्हणजे दोघंही जवळजवळ पूर्ण सहल अर्धवट झोपेत होते. त्यात दर दोन दिवसांनी सामान बांधायचं. बोरा बोराचा विमानतळ तर वेगळ्याच छोट्या बेटावर, तिथून पुढे होडी.

पाच भांडणं कागदावर मांडली. तीन मुक्काम हलवण्याच्या दिवसांची. एक जेवणावरून : ती शाकाहारी, आणि तिथला लाडका पदार्थ म्हणजे लिंबू नि नारळाच्या दुधातला कच्चा ट्यूना. पाचवं मात्र खरं होतं. पाण्यावरच्या बंगल्यात तो पुस्तक घेऊन गप्प बसला. तिला वर्षभर साठलेलं बोलायचं होतं. घरी ऑफिस, मुलांचा अभ्यास, सासूबाई, टीव्ही यांत ही पोकळी दिसत नाही. समुपदेशन लागलं ते या एकाच भांडणाला.

पुढच्या खेपेसाठी ठरलं ते असं. बुकिंगआधी दोघांनी 'आराम म्हणजे काय' याच्या तीन-तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या, मगच कागद बदलायचे. दहा रात्री असतील तर दोनच बेटं. आधी मोरेआ, पपीतेहून फेरीबोटीने तासाभराच्या आत. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची, म्हणजे खाण्याचा प्रश्न मिटतो. पहिले दोन दिवस काहीही बुक करायचं नाही, दुपारची झोप अर्ध्या तासाहून जास्त नाही, आणि कर्ज, सासर-माहेर हे विषय बंद. पाण्यावरचा महागडा बंगला शेवटच्या तीन रात्री. पहिल्याच दिवशी तो घेणं म्हणजे पैसे देऊन पेंगणं. रोज दुपारी दोन तास वेगळे. त्याने वाचावं, तिने प्रवाळ बघावेत. संध्याकाळ बोलण्याची, फोन खोलीत ठेवून.

व्हिसाचं ओझंही एकावर टाकू नये. युरोपचा शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियाला चालेलच असं नाही, सहसा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेमार्गे जायचं तर तिथलाही लागतो. कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर.

ही मांडणी झोप आणि दगदगीतून येणाऱ्या भांडणांसाठी आहे. मारहाण, जोडीदाराची भीती, दुसऱ्याचा पासपोर्ट किंवा पैसे अडकवून ठेवणं यांपैकी काहीही असेल, तर तिकीट काढण्याआधी एकट्याने येऊन समुपदेशकाशी बोला.