जे हलवता येत नाही, त्याचा विचार आधी

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांमागची अडचण एकच आहे. कार्यालयात रोज किती माणसं येणार आणि काय काम करणार, हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, पण इमारतीचे निर्णय मात्र आजच घ्यायचे आहेत.

प्रश्न : आम्ही चार मजली कार्यालय बांधतो आहोत. पुढे काम कसं बदलेल याचा अंदाज नाही, म्हणून आर्किटेक्टनी सगळीकडे सरकत्या भिंती सुचवल्या आहेत. खर्च मोठा आहे. करावा का?

एखाद्या मोठ्या सभागृहापुरता करा, सगळीकडे नको. अशी एक सरकती भिंत मी बसवल्यानंतर काही वर्षांनी पाहायला गेले होते. खालच्या खाचेत धूळ घट्ट बसली होती, भिंतीला टेकून फायलींचं कपाट उभं होतं आणि मधोमध व्हाइटबोर्ड ठोकला होता. भिंत सरकवायला पाच मिनिटं पुरतात, पण दिवे, एसीची जाळी आणि आग लागल्यास पाणी फवारणारे स्प्रिंकलर जागचे हलत नाहीत. त्यामुळे ती कुणी सरकवतच नाही.

ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ फ्रँक डफी यांनी कार्यालयाच्या इमारतीकडे वेगवेगळ्या आयुष्याचे थर म्हणून पाहिलं. सांगाडा 50 वर्षं किंवा जास्त टिकतो, वायरिंग-पाइप-एसी साधारण 15 वर्षं आणि आतली मांडणी जेमतेम 5 ते 7 वर्षं. कमी टिकणारी वस्तू जास्त टिकणाऱ्या वस्तूत गाडली, की पहिली बदलताना दुसरी फोडावी लागते. स्लॅबमध्ये पुरलेली पाइप हे त्याचं रोजचं उदाहरण. लंडनची लॉइड्स इमारत (1986) बांधताना रिचर्ड रॉजर्स यांनी पाइप, लिफ्ट, जिने सगळं बाहेरच्या अंगाला काढलं, ते याच विचारातून. तुम्ही तसं करायची गरज नाही, ती रचना ऊन-पावसात सांभाळणं सोपं नसतं. पाइप आणि केबल सरळ उभ्या डक्टमधून, म्हणजे सगळ्या मजल्यांतून वर जाणाऱ्या पोकळीतून न्या, डक्टला माणूस आत शिरेल एवढं दार ठेवा आणि एक डक्ट रिकामी सोडा. आज ती वाया गेलेली जागा वाटेल, तरी तिच्यासाठी भांडा.

साधं जिप्सम बोर्डाचं पार्टिशन एका शनिवार-रविवारात काढून दुसरीकडे उभं करता येतं. स्लॅब वर सरकवता येत नाही. म्हणून पैसे उंचीत घाला. एका स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंत चार मीटरच्या आसपास उंची मिळाली, तर उद्या तिथे वर्ग, दवाखाना किंवा घरंही बसू शकतात. इमारतीची रुंदीही तितकीच महत्त्वाची. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या दोन-अडीच पट आतपर्यंतच कामापुरता उजेड पोहोचतो. काठ तीन मीटरवर असेल, तर सहा-सात मीटर. दोन्ही बाजूंना खिडक्या असल्या तरी मजला चौदा-पंधरा मीटरपेक्षा रुंद झाला, की मधला पट्टा कायम दिव्यांच्या भरवशावर राहतो.

आणखी एक बारीक गोष्ट नकाशावर तपासा. खिडकीच्या उभ्या पट्ट्या आणि छतातले दिवे एकाच मापात बसवलेत का? दीड मीटरचं माप बरंच वापरतात. ते जुळलं नाही, की नवीन पार्टिशन नेमकं काचेच्या मधोमध येऊन धडकतं आणि सुतार तिथे फोमची पट्टी कोंबून वेळ मारून नेतो. त्या फटीतून शेजारच्या खोलीतला शब्द न् शब्द ऐकू येतो.

जिने आणि स्वच्छतागृहं किती, यावरच त्या मजल्यावर जास्तीत जास्त किती माणसं बसू शकतील हे कायमचं ठरतं. टेबलं मोजण्याआधी ती मोजा.

प्रश्न : मंगळवार ते गुरुवार आमच्याकडे बसायला जागा नसते, सोमवारी आणि शुक्रवारी मजले ओस पडतात. तरी विजेचं बिल फारसं उतरत नाही. असं का?

कारण माणसं आली नाहीत हे यंत्रणेला कळत नाही. सबंध मजल्याला एकच हवा फेकणारं यंत्र असेल, तर पाच माणसांसाठीही ते पन्नास माणसांएवढंच चालतं.

या यंत्रातल्या पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आणला, तर सिद्धांतानुसार वीज एक अष्टमांश लागते. प्रत्यक्षात इतकी घट मिळत नाही, पण जी मिळते तीही भरपूर असते. म्हणून मोटारीला वेग कमी-जास्त करणारं ड्राइव्ह बसवा, मजल्याचे विभाग पाडा आणि प्रत्येक विभागात श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर लावा, म्हणजे तिथे माणसं आहेत की नाहीत हे यंत्रणेला कळेल. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखात सुमारे 420 भाग असतं, कोंदट बैठकीच्या खोलीत ते हजाराच्या वर जातं. सेन्सर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवा. फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेला सेन्सर मी अनेकदा पाहिला आहे. तिथे सगळीकडची हवा मिसळून येते, त्यामुळे तो कोणत्याच खोलीबद्दल खरं सांगत नाही.

ओस दिवशी सगळ्यांना एकाच मजल्यावर बसवा आणि बाकीचे मजले पूर्ण बंद करा. मात्र त्यासाठी एसी आणि दिवे मजल्यागणिक वेगळे बंद करता यायला हवेत. जुन्या इमारतीत घोडं नेमकं इथेच अडतं. हे सगळं करण्याआधी रविवारी पहाटे तीन वाजताचं मीटर रीडिंग मिळवा. कुणीही नसताना जी वीज जळते, ती शोधण्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : संपूर्ण काचेची इमारत पर्यावरणपूरक असते का?

नाही. दुपारी तीन वाजता पश्चिमेकडच्या काचेजवळ जाऊन बसा. पडदे खाली ओढलेले आणि दिवे लावलेले दिसतील. टेबलाच्या पातळीखालची काच टेबलावर उजेड देत नाही, उष्णता मात्र आत घेते. तिथे भिंत बांधा, वर काच ठेवा आणि सावली बाहेरून करा. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून ते पुरतं परतवता येत नाही.

प्रश्न : आमची इमारत तीस वर्षं जुनी आहे. पाडून नवीन, कमी विजेवर चालणारी बांधणं चांगलं की दुरुस्ती?

आधी दुरुस्तीचा हिशेब पूर्ण करा, मग पाडण्याचं बोला. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. इमारतीचं साहित्य बनवताना जो कार्बन हवेत जातो, त्यातला मोठा वाटा पायाचा आणि सांगाड्याचा असतो आणि तुमच्याकडे तो केव्हाच खर्च होऊन गेला आहे. नव्या इमारतीत तो पहिल्याच दिवशी पुन्हा खर्च होणार आणि वीजबचतीतून भरून यायला बरीच वर्षं जाणार.

स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सांगाड्याची तपासणी करून घ्या. तो ठणठणीत असेल आणि मजल्याची उंची पुरेशी असेल, तर बाहेरची भिंत, खिडक्या, एसी सगळं बदलता येतं. उंची कमी असेल, तर फॉल्स सीलिंग काढून डक्ट उघडे ठेवा. सांगाडाच गंजला असेल, तर गोष्ट वेगळी.

वाढीव मजला घालायचाच झाला, तर नटबोल्टनी जोडलेला घाला. नेदरलँड्समधल्या ट्रायोडोस बँकेचं लाकडी कार्यालय (2019) 1,65,000 हून अधिक स्क्रू वापरून असं जोडलं आहे, की सुटं करून त्याचे भाग पुन्हा वापरता यावेत.

प्रश्न : स्वतःचं टेबल गेल्यापासून सहकारी नाराज आहेत. शिवाय व्हिडिओ कॉलचा गोंगाट असतो.

त्यांची नाराजी खरी आहे, ती हट्ट समजू नका. नेदरलँड्समध्येच हर्मन हर्ट्झबर्गर यांनी 1972 मध्ये सेंट्राल बेहेर या विमा कंपनीसाठी कार्यालय बांधलं. छोटे छोटे चौकोनी कट्टे, मुद्दाम अर्धवट ठेवलेले, म्हणजे काम करणाऱ्यांनी झाडं-चित्रं आणून ते आपले करावेत. तुमच्याकडे टेबल देता येत नसेल, तर प्रत्येक गटाला ठरलेला कोपरा, स्वतःची भिंत आणि प्रत्येकाला कुलपाचा कप्पा द्या.

गोंगाटासाठी आधी छताकडे पाहा. कॉलच्या खोलीची भिंत फॉल्स सीलिंगपाशीच थांबली असेल, तर आवाज वरच्या पोकळीतून शेजारी उतरतो. फॉल्स सीलिंगची टाइल उचलून टॉर्च मारा. पलीकडचा उजेड दिसला, तर भिंत स्लॅबपर्यंत न्या आणि एसीच्या डक्टभोवतीची फट बुजवा. भिंतीवर नुसता फोम चिकटवून पलीकडे जाणारा आवाज थांबत नाही, खोलीतला घुमणारा आवाज तेवढा कमी होतो.